कोणी कोणाला उचलायचं?

आमच्या दिघोरीच्या शाळेत मधल्या सुट्टीत विष-अमृत रंगतं. ज्याच्यावर राज्य असतं त्यानं हात लावून ‘विष’ म्हटलं की पोरगं जागच्या जागी थिजतं. सोबत्यानं येऊन ‘अमृत’ म्हटलं की पुन्हा पळतं. या खेळात अमृत सगळ्यांच्याच हाती असतं, त्यामुळे ते कोणी बाळगायचं यावरून भांडण होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरात भांडण झालं ते नेमकं यावरून.

बहिणीची मुलगी गोंदियाहून राहायला आली होती. ती नववीत, माझा मुलगा अकरावीत. त्याचा शेजारचा मित्र दिवसभर बापासोबत धानाच्या कापणीला आणि रात्री आमच्या ओसरीवर. चौथा माझा भाचा, तो नागपुरातून फोनवर. असा हा फ्री फायर मॅक्सचा स्क्वॉड. इशानंतर एक तास खेळायचं, मग सगळ्यांचे फोन माझ्या कपाटात, हा घरचा नियम. (हा खेळ बंद झाला होता ना, असं विचारणाऱ्या भगिनींसाठी: फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली ती फ्री फायरवर. त्याचंच ‘मॅक्स’ हे रूप त्या यादीत नव्हतं, ते चालूच राहिलं.)

तिसऱ्या रात्री भाचीनं फोन गादीवर टाकला. "खाला, मी आता कोणालाच उचलणार नाही. नेहमी मीच का?"

"अम्मी, टीममध्ये एक तरी उचलणारा लागतोच," मुलगा म्हणाला. नागपूरकर फोनमधून ओरडत होता, "उसको बोलो, दिमित्री वही लगाएगी!"

दिमित्री कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण शिक्षिकेच्या घरात वाद आला की वही निघते. मी त्यांना फळ्यावर समजावतात तसं समजावून सांगायला लावलं.

या खेळात गोळी लागून जीव संपला की माणूस लगेच मरत नाही. तो ‘नॉक’ होतो, गुडघ्यावर येतो, रांगतो, आणि उरलासुरला जीव हळूहळू ओसरत जातो. तेवढ्यात सोबत्यानं जवळ येऊन थांबलं तर तो पुन्हा उभा राहतो. हे कोणालाही करता येतं, विष-अमृतासारखंच. पण शेवटचा उभा असलेला पडला की रांगणारे सगळे एकदम संपतात. कौशल्यं वेगळी असतात आणि ती खेळाआधीच निवडावी लागतात. प्रत्येकाला एक बटण दाबून वापरायचं कौशल्य आणि तीन आपोआप चालणारी. जागा एवढ्याच. थीवा घेतला तर पडलेल्याला लवकर उठवता येतं. ऑलिव्हिया घेतली तर उठलेल्याला थोडा जास्त जीव मिळतो. कपेला असली तर पडलेल्या साथीदाराचा जीव सावकाश ओसरतो. ही तिन्ही आपोआपची. दिमित्री मात्र बटणाचा. तो जमिनीवर एक वर्तुळ आखतो. त्यात उभ्या असलेल्यांचा जीव भरतो आणि पडलेला स्वतःच स्वतःला उठवू शकतो. आकडे दर अपडेटला बदलतात, ते मी वहीत घेतले नाहीत.

खरी गोची बटणाच्या जागेत आहे. तिथे दिमित्री ठेवला तर आलोक ठेवता येत नाही, आणि आलोक सोबत्यांना पडण्याआधीच जीव पुरवतो, वर पळायचा वेगही वाढवतो. म्हणजे प्रश्न असा, की औषध आजारी पडण्याआधीचं घ्यायचं की नंतरचं. आमच्या घरात कफ सिरपवरून असाच वाद होतो, तो वेगळा.

या प्रश्नानं मोठमोठ्यांना दमवलंय. ओव्हरवॉच नावाचा खेळ 2016 मध्ये आला. त्यातली मर्सी ही परिचारिकेसारखी पात्र एकाच झटक्यात आसपासच्या सगळ्या मेलेल्या साथीदारांना उठवू शकायची. झालं काय, की मर्सी खेळणारे एखाद्या भिंतीमागे लपून बसायला लागले. सोबती मरताहेत तर मरू दे, सगळे पडले की एकदम उठवू! शेवटी 2017 मध्ये बनवणाऱ्यांनी ते कौशल्य बदललं आणि एका वेळी एकालाच उठवता येईल असं केलं. हे वाचून मला हसू आलं, कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीवर भरवसा ठेवून वर्षभर लपणारी मुलं मी रोज पाहते.

आपल्या कबड्डीतही हाच वाद जुना आहे. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की परत आत येतो. गामिनीत एकदा बाद म्हणजे बाहेरच, आणि अमर प्रकारात बाद होऊनही गडी मैदानातच राहतो, फक्त गुण जातो. आज सगळीकडे खेळतात ती कबड्डी संजीवनीच्या वळणाची. पण तिच्यात एक शहाणपण आहे: गडी जिवंत होतो तो कोणीतरी समोरचा गडी बाद केल्यावर. नुसतं मागे उभं राहून कोणी उठत नाही.

मग मी दोन रात्री ओसरीवर बसून रेघा ओढल्या. कोण आधी पडतं, कोण शेवटी, आणि पडलेल्याकडे कोण वळतं. मुलांना वाटलं अम्मी कंटाळेल. पहिल्या रात्रीच चित्र स्पष्ट झालं. भाची सगळ्यांत पुढे धावते आणि नेम तिचाच सगळ्यांत चांगला. साहजिकच पहिली ती पडते. उचलायचं कौशल्य तिच्याजवळ, आणि रांगतेय तीच! थीवा लावून जमिनीवर पडलेल्या मुलीचा कोणाला काय उपयोग? नागपूरकर लांब पल्ल्याची बंदूक घेऊन झाडामागे बसतो आणि बहुतेक वेळा शेवटी पडतो. त्याच्याकडे तिन्ही कौशल्यं मारायची.

"तिला का दिलंत मग?" मी विचारलं. मुलगा गप्प. त्याचा मित्र प्रामाणिक, तो म्हणाला, "काकू, मुलगी आहे म्हणून." नंतर तोच ओशाळून शेंगा सोलत बसला.

तेव्हा माझा निकाल असा. पन्नासेक खेळाडूंच्या मोठ्या खेळात, जिथे मैदान पसरलेलं असतं आणि भिंत उभारून दम घ्यायला वेळ मिळतो, तिथे चौघांत एकानं थीवा नाहीतर कपेला जरूर ठेवावी, आणि ती मागे राहणाऱ्यानं ठेवावी. चारास चारच्या छोट्या लढतीत, जिथे मेलेला पुढच्या फेरीत आपोआप येतो, तिथे बटणाची जागा आलोकलाच द्यावी. त्या घाईत वर्तुळ आखून बसायला फुरसत नसते. आणि अनोळखी लोकांबरोबर खेळायचं असेल तर दुसऱ्याला उचलायचं कौशल्य घेऊच नये. ते आपल्याकडे वळत नाहीत, आणि आपण वळलो तर तेवढ्यात दोघंही जातो. तिथे घ्यायचाच तर दिमित्री, कारण तो आपला आपल्याला उठवतो. मुलगा म्हणाला हे शेवटचं बरोबर नाही, अनोळखी लोकही उचलतात. असेल. मी दोनच रात्री पाहिलं.

नागपूरकराला थीवा लावायला सांगितल्यावर त्याचा आवाजच उतरला. "फुफी, मग माझे किल कोण करणार?" मी म्हटलं, तुझी बहीण. तीन जागांतली एकच मागतेय, दोन तुझ्याच आहेत.

भाची गोंदियाला परत गेली. आता रविवारी खेळतात. मागच्या रविवारी रात्री तिचा फोन आला, माझी जेवणाची भांडी अजून घासायची होती. "खाला, त्यानं थीवा लावला."

"मग?"

"मी पडले तेव्हा आलाच नाही. झाडामागून ओरडत होता, रांगत इकडे ये म्हणून."