घरचे डॉक्टर आणि शेजारच्या खुर्चीवरील विद्यार्थी

सक्करदऱ्याच्या चौकांत शासकीय आयुर्वेद महाविद्यालय असल्यामुळें आमच्या भागांतील लोकांस वैद्यकाचे विद्यार्थी अपूर्वाईचे नाहींत. परंतु घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, असा एखादा विद्यार्थी बसलेला आढळला म्हणजे बोलकें माणूसही थबकतें. ही खुर्ची दवाखान्यास कितीला पडते, याचा विचार डॉक्टरांप्रमाणें आपण गृहस्थांनींही करण्याजोगा आहे.

विद्यार्थ्यानें तेथें बसावें याविषयीं मला संशय नाहीं. नागपूरचें 'मेडिकल' १९४७ सालीं निघालें. तेथें येणारा रोगी बहुधा दोनचार ठिकाणीं फिरून आलेला, म्हणजे रोग पिकलेला असतो. घरच्या डॉक्टरांस तोच रोग अंकुरावस्थेंत दिसतो. पहिल्या दिवसाचा ताप, जिचें मूळ डोक्यांत नाहीं अशी सुनेची डोकेदुखी, आणि मधुमेह असून श्राद्धाची खीर न सोडणारे आजोबा, हीं सर्व येथेंच भेटतात. सुश्रुतानें शिष्यास छेदनाचा सराव भोपळ्यावर आणि काकडीवर करावयास सांगितला, तो योग्यच. पण माणसाला बोलतें करण्याची विद्या भोपळ्यावर साधत नाहीं!

आतां खर्चाची बाजू. समजा, संध्याकाळीं चाळीस रोगी येतात आणि विद्यार्थ्यास समजावून सांगण्यांत प्रत्येकामागें दोनच मिनिटें अधिक जातात. तेवढ्यानें ऐंशीं मिनिटें वाढलीं. एक तर डॉक्टर रात्रीं उशिरां घरीं जातील, नाहीं तर कांहीं रोगी परत जातील. उलट, शिष्य "असें कां?" म्हणून विचारतो तेव्हां वीस वर्षांच्या संवयीनें लिहिलेलें औषधही पुन्हां तपासलें जातें. हा लाभ मोठा आहे. मात्र त्यावर दवाखान्याचें भाडें भागत नाहीं.

एडिंबरो येथें १९६३ सालीं या शाखेचें जगांतील पहिलें अध्यापकपद निर्माण झालें, आणि ब्रिटनमध्यें विद्यार्थी घेणाऱ्या दवाखान्यास सार्वजनिक निधींतून मोबदला मिळतो. आपल्याकडेही १९८८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठानें गुरुशिष्यपरंपरेच्या अभ्यासक्रमांत शिष्यास विद्यावेतन व गुरूस मानधन ठेविलें. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठीं २०२२ पासून कुटुंबें दत्तक घेण्याची योजना आली खरी, पण ती खेड्यांतील घरांची. शहरांतील खाजगी दवाखान्याच्या खुर्चीचा हिशेब तींत नाहीं. तो केवळ डॉक्टरांच्या सौजन्यावर सोडणें मला न्याय्य वाटत नाहीं.

आणि रोग्याचें काय? एकत्र कुटुंबांतील स्त्रीला दवाखान्याची बंद खोली हीच काय ती एकांताची जागा असते. शेजारीं बसलेला विद्यार्थी नणंदेच्या सासरचा निघाला तर ती काय बोलणार? चरकानें विमानस्थानांत शिष्यास घातलेल्या दंडकांत, अनुमति असलेल्या परिचित माणसासह रोग्याच्या घरांत शिरावें आणि तेथील गोष्टी बाहेर बोलूं नयेत, असें स्पष्ट आहे. म्हणून संमति विचारावयाची ती विद्यार्थ्यासमोर नव्हे. समोर विचारल्यावर भिडस्त माणूस "असूं द्या" म्हणणारच. ती बाहेर, नांव लिहून घेतांनाच विचारावी. 'नको' म्हणणाऱ्यास त्याचें कारणही विचारूं नये.

वेळाची अडचण बरीच हलकी करणारी एक रीत आहे. जागा असल्यास विद्यार्थ्यानें आंतल्या दुसऱ्या खोलींत रोग्याची हकीकत आधीं एकट्यानें ऐकावी आणि मग ती डॉक्टरांपुढें थोडक्यांत मांडावी. डॉक्टरांनीं नेमकें तेवढें पुन्हां विचारून घ्यावें. रोग्यास तेंच दोनदां सांगावें लागतें, असा यावर आक्षेप आहे. तरुणांस तो जाचेल. माझ्या वयाच्या मंडळींस मात्र गुडघेदुखीचा समग्र इतिहास मध्येंच न तोडतां ऐकणारा कोणी भेटला, तर ती दोन्ही वेळां पहिल्यापासून सांगतील.