न्यायालयाचे दार फक्त डोळसांसाठी आहे काय?

खटल्याची पुढची तारीख कोणती, आरोपीचा जामीन अर्ज कधी सुनावणीला निघणार, निकालात नेमके काय लिहिले आहे, हे जाणून घेणे हा पक्षकाराचा हक्क आहे. आज ही माहिती न्यायालयांच्या संकेतस्थळांवर मिळते. एका तारखेसाठी तालुक्याच्या कोर्टात खेटे घालण्याचे श्रम त्यामुळे वाचले, हे चांगलेच झाले. पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याचे काय?

अंध माणसाला संगणक वापरता येत नाही, हा गैरसमज आधी सोडला पाहिजे. पडद्यावरील मजकूर वाचून ऐकवणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यातले ‘एनव्हीडीए’ तर मोफत मिळते. दोष माणसात नाही, संकेतस्थळाच्या रचनेत आहे. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे हे सॉफ्टवेअर वाचू शकत नाही. आदेशाची प्रत छापून, सही-शिक्का मारून पुन्हा स्कॅन करून टाकली की त्यात मजकूर उरत नाही, नुसते चित्र उरते. मराठी कागद युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर कानावर निरर्थक अक्षरे पडतात. डोळसाला जो निकाल दिसतो, तो अंधासाठी कोरा कागद ठरतो!

हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के आढळले. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्तीतलाही आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ ने पीडितांना खटल्याच्या प्रत्येक कामकाजाची, जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क दिला आहे. ही सूचना पोहोचलीच नाही, तर पीडिताने स्वतः तारीख शोधावी लागते. तो अंध असेल आणि संकेतस्थळ मुके असेल, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? गावातल्या ज्या माणसाकडून तो कागद वाचून घेणार, तोच आरोपीच्या गोटातला असला तर?

कायदा कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १२ न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क देते आणि सार्वजनिक दस्तऐवज सुगम स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२० मध्ये उच्च न्यायालयांना संकेतस्थळे सुगम करण्याविषयी लिहिले. त्यानंतर ऐकू येणारा कॅप्चा आला, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुगमतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. ही याचिका २००५ सालची होती. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला गेला.

शिफारस आणि हक्क यांतला फरक आंबेडकरी चळवळीला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह त्या तळ्यावर जावे लागले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली मिळाला. खुले आहे असे जाहीर करणे वेगळे आणि माणूस तिथवर पोहोचणे वेगळे. जे न्यायालय इतरांना सुगमतेचे आदेश देते, त्याने स्वतःच्या घरापासून सुरुवात केली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक आदेश संगणकावर तयार होतो, मग तो मजकुराच्या रूपातच, डिजिटल सहीने प्रसिद्ध करावा. मराठी कागद युनिकोडमध्येच असावेत. संकेतस्थळाची तपासणी ठेकेदाराच्या प्रमाणपत्रावर न सोडता अंध, कर्णबधिर आणि हाताने माऊस चालवू न शकणाऱ्या माणसांकडून, त्यांना मोबदला देऊन, करून घ्यावी. तालुका न्यायालयापर्यंत मुदत ठरवावी आणि चुकल्यास जबाबदार अधिकारी कोण, हेही ठरवावे.

चळवळीतील वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्हा न्यायालयाचे संकेतस्थळ अंध बांधवांना सोबत घेऊन तपासावे, आढळलेल्या त्रुटी लेखी कळवाव्यात आणि पोचपावती घ्यावी. ‘अपंग’ शब्द काढून ‘दिव्यांग’ म्हटल्याने निकालाचे एक पानही वाचता येत नाही. ‘हरिजन’ म्हणून गौरव केल्याने पाणी मिळाले नव्हते, हे आपण विसरलेलो नाही. गोंडस नाव नको, हक्काचा निकाल वाचता आला पाहिजे!