यंत्रांची किल्ली कोणाच्या हाती?

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला वातानुकूलित डब्यांची आणि अकराच्या ठोक्याला इतर डब्यांची तात्काळ तिकिटे खुली होतात. त्या क्षणी रेल्वेच्या आरक्षण-व्यवस्थेवर देशभरातून झुंबड उडते; ती ओसरली की त्या यंत्रांवरील भार पुष्कळच हलका होतो. परीक्षेच्या निकालाचा दिवस, पीकविम्याच्या अर्जाची अखेरची तारीख, नोकरभरतीचे अर्ज, सर्वत्र हाच अनुभव येतो. गर्दीच्या हिशेबाने यंत्रे घ्यावीत तर ती एरवी पडून राहतात. नेहमीच्या हिशेबाने घ्यावीत तर ऐन वेळी संकेतस्थळ कोलमडते आणि त्याचा भुर्दंड सामान्य माणसाच्या माथी बसतो.

या अडचणीवर गेल्या दोन दशकांत तोडगा निघाला, तो म्हणजे व्यवस्थापित क्लाउड. २००७ मध्ये अमेरिकेत हेरोकू ही कंपनी निघाली, २००८ मध्ये गुगलने ॲप इंजिन आणि २०११ मध्ये ॲमेझॉनने इलॅस्टिक बीनस्टॉक ही सेवा आणली. प्रोग्रामरने आपला कोड सुपूर्द करायचा. तो कोणत्या भाषेतला आहे हे ओळखणे, त्याची जुळणी करणे, लागणाऱ्या साहित्यासह तो एका बंदिस्त कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये भरणे आणि सर्व्हरवर चालू करणे ही कामे व्यवस्था स्वतः करते. मागणी वाढली की त्याच कोडच्या आणखी प्रती चालू होतात, येणाऱ्यांची त्यांच्यात वाटणी होते आणि मागणी ओसरली की जादा प्रती बंद होतात. जितका वापर, तितके बिल.

ही प्रगती आहे, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे होणारे तेच ते श्रम येथे एकत्र येतात आणि एकाच यंत्रसमूहावर अनेकांची कामे चालतात. शिवाय या इमारतीचा पाया मोठ्या प्रमाणावर मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. लिनक्स, पोस्टग्रेस आणि कंटेनरांचे नियोजन करणारे कुबरनेटीस यांवर जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांनी श्रम केले असून ती कोणालाही मोफत वापरता येतात. म्हणजे उत्पादन पूर्णपणे सामाजिक झाले आहे. मालकी मात्र मूठभर मक्तेदार कंपन्यांची आहे. मार्क्सवादाने दाखवून दिलेली मूलभूत विसंगती येथे नव्या रूपात उभी राहते.

खंडाचा नवा प्रकार

२०२४ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाची विक्री सुमारे १०७.६ अब्ज डॉलर, म्हणजे कंपनीच्या एकूण विक्रीच्या जेमतेम एक षष्ठांश होती. परंतु कंपनीच्या ६८.६ अब्ज डॉलरच्या कार्यचालन नफ्यापैकी ३९.८ अब्ज डॉलर याच विभागाने मिळवून दिले. जमीनदार कुळाकडून खंड घेतो, तसाच हा यंत्रांच्या मालकीवरचा खंड आहे.

कुळ सोडून जाऊ नये याचीही तजवीज केलेली असते. माहिती आत आणताना सहसा शुल्क नसते. बाहेर नेताना मात्र ते आकारले जाते. युरोपीय संघाचा डेटाविषयक कायदा जानेवारी २०२४ मध्ये अस्तित्वात आला, त्या सुमारास गुगल आणि ॲमेझॉन यांनी कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ केले. रोजच्या वापरातील शुल्क तसेच राहिले. त्याहून मोठा अडसर तांत्रिक आहे. एखाद्या कंपनीच्या खास डेटाबेसवर रचलेला कार्यक्रम दुसरीकडे न्यायचा तर त्याचा मोठा भाग नव्याने लिहावा लागतो. आणि घरमालक बदलला, की अटीही बदलतात. हेरोकू ही कंपनी विकत घेत असल्याचे सेल्सफोर्सने डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केले. जगभरच्या असंख्य विद्यार्थ्यांनी आणि नवशिक्यांनी वापरलेली तिची मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आली.

परक्याच्या हातातील कळ

प्रश्न केवळ पैशांचा नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. गुजरातेत वाडिनार येथे तिचा तेलशुद्धीकरण कारखाना असून तिच्यात रशियन कंपनी रोसनेफ्टचे भागभांडवल आहे. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल व अन्य सेवा थांबवली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. नायरा ही काही जनतेची कंपनी नव्हे. परंतु भारतीय कायद्याने ज्या कंपनीवर कोणतेही बंधन घातलेले नव्हते, तिची दैनंदिन यंत्रणा परदेशातील निर्णयाने ठप्प होऊ शकते, एवढे या घटनेने सिद्ध केले. उद्या हीच कळ रुग्णालयांवर किंवा रेशन-व्यवस्थेवर फिरवली गेली तर काय?

२० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील ॲमेझॉनच्या केंद्रात एका डेटाबेसच्या नावनोंदणी-यंत्रणेत दोष उद्भवला आणि जगभरच्या अनेक सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. एकाच मालकाच्या छताखाली इतके जग आणून बसवल्याचा हा परिणाम होय. आणि ही यंत्रे कोणाच्या कामी लावावीत यावर ती चालवणाऱ्या श्रमिकांचा अधिकार काय? इस्रायली सरकारशी २०२१ मध्ये झालेल्या निंबस कराराविरुद्ध निदर्शने केल्याबद्दल एप्रिल २०२४ मध्ये गुगलने सुमारे ५० कर्मचाऱ्यांना कामावरून काढून टाकले.

आपलाच अनुभव

पर्याय नाही, असे सांगणाऱ्यांनी देशाचा इतिहास आठवावा. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक कंपनीने सांभाळली. रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणाचा पायाही तिनेच १९८० च्या दशकात घातला. अमेरिकेने अद्ययावत सुपरकॉम्प्युटर नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. मात्र सीएमसीचा ताबा २००१ मध्ये वाजपेयी सरकारने टाटा समूहाच्या हवाली केला.

तेच धोरण आजही चालू आहे. सरकारी विभागांसाठी राष्ट्रीय सूचना केंद्राचा क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला. पण त्याला पुरेशी माणसे व साधने देण्याऐवजी खासगी क्लाउड कंपन्यांची यादी तयार करून विभागांना तिकडे वळवले जात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. त्यात अदानी समूह व एअरटेल भागीदार आहेत. क्लाउड म्हणजे ढग. परंतु या ढगाला जमीन, वीज आणि पाणी लागते व ते येथील जनतेचे असते. देशी मक्तेदार परक्या मक्तेदाराचा भागीदार झाल्याने स्वावलंबन येत नाही.

आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. एप्रिल २०२० मध्ये केरळातील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने कोविडविषयक माहितीचे काम स्प्रिंक्लर या अमेरिकन कंपनीकडे दिले, तेव्हा उच्च न्यायालयाला रुग्णांची ओळख झाकण्याचा आदेश द्यावा लागला. पुढे ती माहिती सी-डिट या राज्याच्या संस्थेच्या ताब्यात घेण्यात आली. ज्या राज्याने शाळाशाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेले, तेथेही संकटाच्या घाईत तयार परकी सेवा हाताशी धरली गेली. सार्वजनिक यंत्रणा आधी उभी केलेली नसेल तर ऐन वेळी उत्तम हेतूही अपुरा पडतो, हा त्यातील धडा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. जनतेच्या सेवांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेला सार्वजनिक क्लाउड उभारावा व तो राज्ये, विद्यापीठे आणि सहकारी संस्थांना खुला असावा. सरकारी करार प्रसिद्ध करावेत आणि दुसरीकडे स्थलांतर करता येईल अशा पद्धतीनेच प्रत्येक कार्यक्रम रचला जावा, ही कायद्याची अट असावी. कंत्राटी पद्धत बंद करून तेथील तंत्रज्ञांना कायम नोकरी आणि संघटनेचा हक्क द्यावा. गर्दीच्या क्षणी आपोआप वाढणारी यंत्रे श्रमिकांच्या बुद्धीने निर्माण केली आहेत. त्यांची किल्लीही जनतेच्या हाती आली पाहिजे, आणि ती संघटित लढ्याविना येणार नाही.