घरचा जमाखर्च : नाणे घेताना धातू पाहावा

चेन्नईच्या जुन्या जॉर्ज टाउन भागात, साहुकारपेठेतून जाणाऱ्या एका लांबलचक रस्त्याला मिंट स्ट्रीट असे नाव आहे. तमिळमध्ये त्या ठिकाणाला तंगसालै म्हणतात, आणि तो शब्द कानी पडताच मराठी माणसाला आपली टांकसाळ आठवल्यावाचून राहत नाही. येथील टांकसाळ १८६९ साली बंद झाली; परंतु या पेठेतला सोन्याचांदीचा व्यापार आजही चालू आहे.

गेल्या वर्षी मी या पेठेत गेले, ती खरेदीसाठी नव्हे. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीने पैसे उभे करावयाचे होते. दर अक्षय्य तृतीयेला एक याप्रमाणे घेतलेली, लक्ष्मीच्या छापाची एकेक ग्रॅमची दहा नाणी माझ्याजवळ होती. त्या दिवशीच्या भावाने दहा ग्रॅमचे जे पैसे होतात, तेवढे हाती येतील असा हिशेब मी घरूनच करून निघाले होते. सराफाने नाणी तोलली, पावत्या मागितल्या. दोनच सापडल्या होत्या. उरलेली नाणी वितळवून कस पाहावा लागेल आणि त्यात थोडी घट धरावी लागेल, असे त्याने शांतपणे सांगितले. मखमली डब्या त्याने बाजूला सारल्या. पैसे अपेक्षेहून बरेच कमी आले.

वाचकहो, त्या सराफाने मला फसविले नाही. विकताना ज्यांचे मोल मिळत नाही, अशा गोष्टींसाठी घेतानाच मी दहा वेळा पैसे मोजले होते, एवढेच. संचय म्हणून नाणे घ्यावयाचे तर आपण धातू विकत घेत आहोत, हे एक सूत्र ध्यानात ठेवावे. बाकीचे सारे त्यातून निघते.

प्रथम खर्चाचा विचार करू. समजा, नाण्यातील सोन्याची किंमत १०० रुपये आहे आणि घडणावळ ५ रुपये आहे. या १०५ रुपयांवर ३ टक्के वस्तू व सेवा कर बसतो, म्हणजे आपण १०८ रुपये १५ पैसे देतो. त्याच दिवशी ते नाणे विकावयास गेलो आणि दुकानदाराने २ रुपये कापले, तर हाती ९८ येतात. दहा रुपये जागच्या जागी गेले! सोन्याचा भाव तितका वर चढेपर्यंत आपण नफ्यात नसतो. कर टाळता येत नाही. घडणावळ मात्र दुकानागणिक आणि नाण्यागणिक बदलते. म्हणून भाव विचारण्याआधी घडणावळ विचारावी आणि परत घेताना काय कापणार, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. बँक नाणे विकते, पण परत विकत घेत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट वजनाची आणि कसाची. चेन्नईत सोन्याचा भाव ग्रॅमप्रमाणेच सवरनवरही सांगतात. सवरन म्हणजे ८ ग्रॅम. हे नाव इंग्रजी सॉव्हरिन नाण्यावरून, म्हणजे आपल्याकडच्या गिनीवरून आले. प्रत्यक्ष गिनीचे वजन ७.९८ ग्रॅम असते आणि ती २२ कॅरटची असल्यामुळे तिच्यात चोख सोने ७.३२ ग्रॅम भरते. उलट, ९९९ कसाच्या ८ ग्रॅमच्या नाण्यात जवळजवळ आठही ग्रॅम सोने असते. तेव्हा दोन नाण्यांच्या किमतींची तुलना करताना एकूण वजनाकडे न पाहता चोख धातूच्या एका ग्रॅमला काय पडते, ते काढावे. ९१६ हा अंक २२ कॅरटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने.

चांदीच्या बाबतीत तर डोळा हमखास फसतो. आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुन्या एक तोळ्याचा असतो आणि त्यात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी असते. परंतु १९४० पासून सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. म्हणून जुना रुपया घेताना मुखवट्याआधी साल वाचावे. स्वतंत्र भारताच्या नाण्यांतही असेच आहे. गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे. त्यात ८०० कसाची, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे नाणे २२.५ ग्रॅमचे, पण कस ५००, म्हणून चांदी ११.२५ ग्रॅमच. हाताला जड लागणारे नाणे येथे धातूने हलके ठरते.

नाणे लहान घ्यावे की मोठे? एकेक ग्रॅमच्या दहा नाण्यांवर दहा वेळा घडणावळ पडते. दहा ग्रॅमच्या एका नाण्यावर एकदाच. पण अडचण लहान असेल तर मोठे नाणे अर्धे मोडता येत नाही. पाच ग्रॅमच्या जवळपासचे नाणे बहुतेक कुटुंबांना सोयीचे पडावे. २०१५ साली केंद्र सरकारने भारतीय सुवर्णमुद्रा काढली, तीही ५ आणि १० ग्रॅमचीच. आपल्याकडील जुन्या गृहिणी पैसे साठले की नक्षीदार दागिना न करता सोन्याचे साधे वेढणे करून ठेवीत. त्यामागेही हाच हिशेब होता.

नाणे मोहोरबंद वेष्टनात असेल तर ते उघडू नये. पावतीवर वजन, कस आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी आणि ती नाण्याबरोबर न ठेवता घरातील इतर कागदपत्रांत ठेवावी. साधा छोटा काटा घरी असावा. वजनात किंवा व्यासात फरक दिसला तर जाणकाराला दाखविल्याशिवाय व्यवहार करू नये.

आजीचा रुपया किंवा लग्नातली पुतळी यांचा या हिशेबाशी संबंध नाही. त्या वेगळ्या डबीत ठेवाव्यात आणि मनातही वेगळ्याच ठेवाव्यात. अडीअडचणीसाठी जे घ्यावयाचे, ते मात्र विकण्याचा दिवस डोळ्यांपुढे आणून घ्यावे. तो दिवस येऊ नये, अशीच आपली सर्वांची इच्छा असते. पण आमच्या घरी तो आला. वडील आता हिंडूफिरू लागले आहेत. यंदाच्या अक्षय्य तृतीयेला मी नाणे घेतले नाही. ते पैसे बाजूला ठेवले आहेत. पाच ग्रॅमपुरते साठले की मगच पेठेत जाईन.