प्रसादाचा पिवळा रंग

श्रींच्या आगमनाबरोबर घरोघरी व मंडपोमंडपी मिठाईचे पुडे येऊ लागतात. बुंदीचे लाडू, जिलेबी, केशरी पेढे यांचा पिवळा रंग मंगलसूचक खरा. परंतु तो दरवेळी केशराचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो टार्ट्राझिन या कृत्रिम रंगाचा असतो. हा रंग बेकायदा नव्हे. मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत तो घालण्यास कायद्याची मुभा आहे. बहुसंख्यांना त्यापासून त्रासही होत नाही. थोड्यांच्या अंगावर मात्र पित्त उठते, क्वचित एखाद्या दमेकऱ्यास धापही लागते.

ही असहिष्णुता त्वचेच्या वा रक्ताच्या चाचणीत सहसा सापडत नाही. म्हणून काय खाल्ले व पुढे काय झाले, याची टिपणवही ठेवावी. संशय बळावल्यास वैद्यांच्या देखरेखीखाली काही आठवडे तो रंग वर्ज्य करून पुन्हा पडताळा घ्यावा. एकदा पित्त उठले एवढ्यावरून मुलाचे सारे गोडधोड तोडणे योग्य नव्हे. धाप लागल्यास मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे. काही औषधी गोळ्यांवरही हाच रंग असतो, हे ध्यानी असावे.

बंद पाकिटावर ‘आयएनएस १०२’ हा क्रमांक पाहून सावध होता येते. सुट्या मिठाईचे काय? १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराने तिच्यासमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणे सक्तीचे झाले. पण तो आदेश तारखेपुरता आहे, रंगाविषयी तो मौन आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. आमच्या मते मिठाईच्या बाबतीत बंदीपूर्वी माहितीची निकड अधिक आहे. तारखेच्या पाटीवर रंगाचे नाव लिहिण्यास हलवायास कितीसा खर्च येणार?

खरी अडचण श्रद्धेच्या ठिकाणी येते. प्रसाद नाकारणे म्हणजे देवाचा अवमान, या धाकाने त्रास होणारा मनुष्यही लाडू तोंडात टाकतो. प्रसाद मस्तकी लावून दुसऱ्याच्या हाती दिल्याने भक्तीला उणेपणा येत नाही, असे आम्ही मानतो. शिवाय उकडीचे मोदक, पंचखाद्य, गूळखोबरे यांना रंगाची गरजच कोठे आहे? मंडळांनी मागणी नोंदवतानाच हलवायास रंगाविषयी विचारावे आणि प्रसादाच्या ताटात खडीसाखर वा एखादे फळ अवश्य ठेवावे. विघ्नहर्त्याच्या दारातून कोणी विघ्न घेऊन परतू नये.