जुनी मोटार घेतांना

एकत्र कुटुंबांतील माणसें व त्यांचें सामान वाहून नेईल, आणि गांवाकडील खांचखळग्यांत जिचें पोट घासणार नाहीं, अशी मोटार हवी, परंतु नवीचें मोल पेलवत नाहीं, अशा गृहस्थांची दृष्टि सहजच लहान बांध्याच्या जुन्या एसयूव्हीकडे वळते. हा पैसा बहुधा मुलांच्या शिक्षणासाठीं व वडीलधाऱ्यांच्या दुखण्यासाठीं राखलेल्या शिलकेंतून जातो. म्हणून या खरेदीचा विचार येथें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

उदाहरणादाखल रेनॉ कंपनीची डस्टर घेऊं. ती भारतांत २०१२ सालीं आली. जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंची आणि १४६१ घनसेंटिमीटरचें काटकसरी डिझेल इंजिन, यांमुळें ती लोकप्रिय झाली. २०२० च्या एप्रिलांत धुराविषयींचे नवे नियम लागू झाले व तें डिझेल इंजिन येथें बंद पडलें.

हें इंजिन मूळचें दणकट. पण त्याची एक अट आहे. त्याच्या झडपांची उघडझांप टायमिंग बेल्ट नांवाच्या दातेरी रबरी पट्ट्यावर चालते. तो चालतां चालतां तुटला, तर झडपा दट्ट्यांवर आदळून सारें इंजिन निकामी होण्याचा संभव असतो. रबर अंतरानें झिजतें, तसें वयानेंही जून होतें. यास्तव 'गाडी फार फिरलेली नाहीं' हें विक्रेत्याचें आश्वासन येथें पुरेसें नाहीं. पट्टा केव्हां बदलला याची पावती मागावी. ती नसेल, तर नव्या पट्ट्याचा खर्च किंमतींतून वजा करावा.

दुसरें असें कीं, गाडी नेहमीं थंड असतांना पाहावी. ऊन इंजिन आपले पुष्कळसे दोष झांकतें. निळा धूर दिसल्यास तेल जळत आहे असें समजावें. काळा धूर डिझेलच्या अपुऱ्या ज्वलनाचा. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर न थांबला, तर पाणी आंत शिरत असल्याची शंका घ्यावी. क्लचचा पाय जड लागतो काय, खड्ड्यांतून जातांना खालून खडखडाट येतो काय, हेंही पाहावें. शहरांत थोडथोडें अंतर चालणाऱ्या डिझेल गाडीच्या नळ्यांत काजळी सांचते व तिचा जोम मंदावतो, हें ध्यानांत असावें.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून ती नवी करावी लागते, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण करही भरावा लागतो. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केल्यावर तिकडील गाड्या स्वस्तांत इतरत्र जाऊं लागल्या. अशी गाडी घेतांना तेथील ना-हरकत दाखला, येथील कर व नवी नोंदणी यांचा खर्च आधीं मांडावा. मग ती स्वस्ताई कितपत उरते तें दिसेल.

घरांत स्थळ पाहतांना आपण नुसत्या रूपावर भुलत नाहीं. कुळ, शील व प्रकृति विचारतों. मोटारीचें शील तिच्या देखभालीच्या वहींत लिहिलेलें असतें. नुकत्याच रंगविलेल्या चकचकीत गाडीपेक्षां, जिची वही पहिल्या पानापासून भरलेली आहे, अशी ओरखडे पडलेली गाडी आम्ही श्रेयस्कर मानतों. आणि ठरलेल्या रकमेचा कांहीं भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवल्यावांचून कोणत्याही गृहस्थानें बयाणा देऊं नये.