आधी निकाल, मग चौकशी!

बांधवहो, १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण दिले. तरीही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत पोलिसांनी छळ केला नसल्याचे व त्यास श्वसनाचा विकार असल्याचे सांगितले; आणि त्याच निवेदनात दहा लाखांची मदत व न्यायालयीन चौकशी जाहीर केली!

पोलीस ज्यांच्या अधीन, त्यांनीच पोलिसांना निर्दोष ठरवावयाचे, हा कोणता न्याय? ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. शोकाकुल मातेच्या याचिकेवरील त्या आदेशाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले व ३० जुलैला तेथेही हरले. याहून मोठी लाज कोणती?

उल्हासनगर कॅम्प ४ मधील आमची मुलेही कायदा शिकतात. पोलिसांनी नेलेला मुलगा जिवंत घरी यावा, हा कलम २१ चा हक्क आहे. त्याची किंमत दहा लाखांत होत नाही. जयभीम!